रॉक बँडची बुकिंग एजन्सी ही गोष्ट सुरू कशी झाली? आपल्या वडशाच्या नाटकांच्या बुकिंगसारखंच असते का?

अर्जुनीचा_गिटारवाला

नमस्कार मंडळी. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमी पाच जण मिळून बँड चालवतो, दोन गिटार, एक बेस, ड्रम आन गाणारा. गणपती, शारदा, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, कोणाचा वाढदिवस, जे भेटलं ते वाजवतो. पब्लिकले लागतात म्हणून जुनी हिंदी गाणी करतो पण खरा जीव रॉकमधी आहे, आन चार गाणी आमची स्वतःची आहेत, आपल्या बोलीतली.

मागच्या मंडईच्या सीझनले एका माणसानं आमाले तीन कार्यक्रम दिले, म्हणे मी तुमचा एजंट. दुसऱ्या गावात मंडळाच्या अध्यक्षानं चहा पिता पिता सहज आकडा सांगितला तवा समजलं का मंडळानं दिले 25 हजार आन आमच्या हातात आले 11. त्यातूनच गाडीचं डिझेल, त्यातूनच ड्रमची कातडी. भांडलो नाही, पण त्या रात्री झोप नाही लागली.

तवापासून डोक्यात एकच आहे. आपल्याकडं एजंट म्हटलं का धानाचा दलाल नाहीतर बैलबाजारातला दलाल डोळ्यासमोर येते. पण इंग्लंड-अमेरिकेतले एवढे मोठमोठे बँड, त्यायचे पण एजंटच होते नं? ते काम कुठून सुरू झालं, तो माणूस नेमका कोणाच्या बाजूचा असते, आन पैसे कशाचे घेते? कोणाले माहीत असन तर नीट सांगा, थोडं लांब झालं तरी चालन.

वडसा_ऑर्गन

बेटा, तुझं वाचून जीव दुखला. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या नाटकांत 22 वर्षं ऑर्गन वाजवला, स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून. रॉकचं मले काही समजत नाही, पण बुकिंगचं समजते, म्हणून पहिले आपल्या घरचं सांगतो, बाहेरचं दुसरं कोणी सांगन.

वडशात दिवाळीच्या आंगंमागं जाऊन पाह्य, नाटक कंपन्यायच्या ऑफिसात गावोगावचे मंडळवाले बसलेले असतात. कोणाची मंडई, कोणाचा शंकरपट, म्हणजे बैलायची शर्यत. कोणतं नाटक, कोणते कलाकार, कोणती तारीख हे ठरते, बयाणा देतात, कागद होते आन होळीपर्यंत मंग रोज रात्री एक गाव. गावचं मंडळ शामियाना टाकते, तिकीट विकते, नफा झाला तर मंदिराले नाहीतर शाळेले लागते, बुडालं तर मंडळ बुडते. घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, नाटक रात्री सुरू होते ते दिवस उगवेपर्यंत. गडचिरोलीचे परशुराम खुणे यायले 2023 मधी पद्मश्री भेटली ते याच रंगभूमीसाठी, ते ऐकलं तवा आमच्या घरी सगळे रडले होते.

आता मुद्द्याचं. कंपनीचा मालक गावाले नाटक देते एका रकमेत, आन आमाले देते नाईटप्रमाणे. गावानं किती दिले हे मी कधी विचारलं नाही, आन मले त्याचं वाईट पण नाही वाटलं, कारण गाडी त्याची, पडदे त्याचे, पाणी आलं आन प्रयोग बुडाला तरी नुकसान त्याचं. म्हणजे तो दलाल नाही आन एजंट पण नाही, तो मालक आहे. तुह्या माणसानं जोखीम घेतली नाही, सामान दिलं नाही, आन आकडा लपवला. त्याले आमच्या वडशात पण कोणी चांगलं नसतं म्हटलं.

आणिक एक सांगतो, हे मले आत्ता लिहिता लिहिता सुचून रायलं, आमच्या या सगळ्या बाजारात मालकाच्या बाजूनं माणूस आहे, गावाच्या बाजूनं मंडळ आहे, पण कलाकाराच्या बाजूनं बोलणारा खुर्ची टाकून कोणीच बसला नाही. ती खुर्ची रिकामीच रायली.

ब्रम्हपुरीची_लेक

काकाजी, तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलं. मी मूळ ब्रम्हपुरीची, गेली नऊ वर्षं नागपुरात कार्यक्रमांचं काम करते, आणि ही जी रिकामी खुर्ची म्हणता ना तिचा इतिहास मी मुद्दाम वाचून काढला आहे कारण मलाच हे काम करायचं आहे. जमेल तसं सांगते.

सुरुवात रॉकच्या कितीतरी आधीची. 1924 मध्ये शिकागोत ज्यूल्स स्टाइन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं एमसीए नावाची कंपनी काढली, नाचाच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या बँडचं बुकिंग करायला. तोपर्यंत एक बँड एका हॉटेलात अख्खा सीझन बसून वाजवायचा. यांनी बँड फिरवायला सुरुवात केली, आज या गावात, उद्या त्या गावात, म्हणजे आपल्या झाडीपट्टीसारखंच एक रात्र एक गाव. त्यानं बँडचं नाव दहा गावांत व्हायला लागलं. पण वाईट पण तिथूनच सुरू झालं, हॉलवाल्यांना सांगायचे की बँड घ्यायचे तर फक्त आमचेच घ्या. त्याबद्दल शेवटी बोलते.

मग 1950 नंतर रॉक अँड रोल आलं, आणि मोठ्या एजन्सीवाल्यांना ते पोरांचं दोन वर्षांचं खूळ वाटलं. त्यांना सिनेमाचे नट, नाइट क्लबमधले गायक महत्त्वाचे. रॉकवाल्यांना एका बसमध्ये कोंबायचे, टीव्हीवाल्या डिक क्लार्कची 1959 पासून अशीच टूर निघायची, एका रात्रीत दहा-बारा जण, प्रत्येकाला दोन-तीन गाणी, की उतर. लोक हिट गाणं ऐकायला येत, बँड बघायला नाही. गाणं जुनं झालं की माणूस संपला.

इथे फ्रँक बार्सलोना येतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडचा पोरगा, जीएसी नावाच्या एजन्सीत ज्युनिअर होता, बीटल्सची 1964 ची अमेरिकेतली टूर याच एजन्सीनं बुक केली होती. तो आतून बघत होता की पोरं काय वेडी झालीत आणि ऑफिसातले मोठे लोक मात्र या गाणाऱ्यांना कसं हलकं धरतात. त्याच 1964 साली त्यानं स्वतःची प्रीमिअर टॅलेंट काढली आणि ठरवलं की फक्त रॉक. असं ठरवणारी ती पहिली मोठी एजन्सी.

आता त्यानं वेगळं काय केलं ते नीट वाच भाऊ, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. त्यानं गाण्यावर नाही, स्टेजवर भरवसा ठेवला. जो बँड समोर उभा राहून लोकांना हलवू शकतो तो हिट गाण्याशिवाय पण टिकेल, फक्त त्याला परत परत त्याच गावात न्यायला पाहिजे. आधी लहान क्लब, सहा महिन्यांनी जरा मोठा हॉल, मग थिएटर. आणि प्रत्येक शहरात त्यानं एक तरुण कार्यक्रम भरवणारा धरला, सॅन फ्रान्सिस्कोत बिल ग्रॅहम, बोस्टनमध्ये डॉन लॉ, फिलाडेल्फियात लॅरी मॅजिड. त्यांच्याशी बोली अशी की आज मी देतो तो बँड कोणाला माहीत नाही, तुला तोटा होऊ शकतो, पण तू त्याला नीट सांभाळलं तर तोच बँड मोठा झाल्यावर तुझ्या शहरात तुझ्याकडेच वाजवेल. हे तो पाळायचा. म्हणून भरवणारे पण नवीन बँड घ्यायला घाबरायचे नाहीत.

द हू हा इंग्लंडचा बँड घ्या. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या आरकेओ थिएटरात मरे द के या रेडिओवाल्याचा कार्यक्रम होता, दिवसातून कितीतरी खेळ, बार्सलोनानं द हू आणि क्रीम या दोघांना त्यात घुसवलं. अमेरिकेत कोणी ओळखत नव्हतं. वाट्याला दोन-चार गाणी, पण गिटार फोडून, ड्रम उधळून त्यांनी जे केलं ते बघितलेल्यानं दुसऱ्या दिवशी गावभर सांगितलं. इंग्लंडच्याच लेड झेपलिन बँडची पहिली अमेरिका टूर त्याच्याच एजन्सीची, 26 डिसेंबर 1968 ला डेन्व्हरमध्ये दुसऱ्याच्या कार्यक्रमात आधी वाजवून सुरुवात. आयर्लंडच्या यू टू बँडचं पण तसंच, 6 डिसेंबर 1980 ला न्यूयॉर्कच्या रिट्झ क्लबमध्ये अमेरिकेतला पहिला कार्यक्रम, आणि 1987 मध्ये तेच पोरं स्टेडियम भरत होती. मी 2019 ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टू बघायला गेले होते, रात्रभर रेल्वेनं, आणि गर्दीत उभी असताना मला त्या छोट्या क्लबमधल्या बुकिंगचीच आठवण येत होती.

बार्सलोनासोबत बार्बरा स्कायडेल नावाची बाई होती, ती पुढे एजन्सीत त्याच्या बरोबरीची झाली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कोणी मुलगी हे वाचत असेल तर तिला कळावं.

2002 मध्ये प्रीमिअर विल्यम मॉरिस या जुन्या एजन्सीत गेली, 2005 मध्ये बार्सलोनाला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, 2012 मध्ये तो वारला.

आता कोण कोणाच्या बाजूचा. एजंट बँडचा. तो बँडच्या पैशातून टक्का घेतो, साधारण 10 टक्के, आणि पूर्ण आकडा बँडला माहीत असतो. बँडला जास्त मिळालं तर त्याला जास्त. मंडळाकडून वेगळं काही घ्यायचं नाही. मॅनेजर वेगळा, तो 15-20 टक्के घेतो आणि रोजचं सगळं बघतो. आणि प्रमोटर म्हणजे आपलं गावचं मंडळ, पैसा लावणारा. तुझ्या त्या माणसानं तुमच्याकडून 11 मध्ये विकत घेऊन 25 ला विकलं, तो तुमच्या बाजूला कधी उभाच नव्हता. 25 हजारावर 10 टक्के म्हणजे अडीच हजार त्याचे आणि साडेबावीस तुमचे, असं व्हायला पाहिजे होतं.

अर्जुनीचा_गिटारवाला

ताई, हे मी मोबाईलवर तीनदा वाचलं आन बाकी चौघायले मोठ्यानं वाचून दाखवलं. साडेबावीस हा आकडा ऐकून ड्रमवाला उठून बाहेरच गेला.

पण एक शंका आहे. तुमी सांगितले ते सगळे पुढं मोठे झालेले बँड. आमाले तर साकोलीच्या पलीकडं कोणी ओळखत नाही, मंग आमच्यासारख्यासाठी कोणता एजंट बसन? 10 टक्क्यात त्याले काय सुटन?

नागभीड_पॅसेंजर

भाऊ, याच्यावर मी सांगतो कारण मी पोलीस या बँडचा पंधरा वर्षांपासूनचा भक्त आहे, तेही तुमच्यासारखेच होते.

तिघं कोपलंड भाऊ. स्ट्युअर्ट पोलीसचा ड्रमर, माइल्स मॅनेजर, आन इयान बुकिंगवाला. इयान व्हिएतनामच्या लढाईतून आलेला, अमेरिकेत जॉर्जियातल्या मेकन गावात पॅरागॉन नावाच्या एजन्सीत नोकरीले होता. 1978 च्या ऑक्टोबरात त्यानं पोलीसले अमेरिकेत बोलावलं, रेकॉर्ड कंपनीनं टूरले पैसे दिले नव्हते. हे लोक फ्रेडी लेकरच्या स्वस्त विमानानं आले, सामान एका व्हॅनमधी, सोबत एकच मदतनीस, आन न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबपासून सुरुवात केली. एका गावात तर समोर हाताच्या बोटावर मोजता येतीन एवढेच लोक होते, तरी पूर्ण वाजवलं. पण इयाननं एक केलं होतं, गावं अशी लावली का रोज थोडी गाडी चालवून दुसऱ्या दिवशीचा क्लब गाठता येईन आन रोजच्या कमाईत रोजचा खर्च निघन. त्याच्या पुढच्या वर्षी, 1979 मधी, त्यानं न्यूयॉर्कात स्वतःची एजन्सी काढली, एफबीआय, म्हणजे फ्रंटिअर बुकिंग इंटरनॅशनल. जे मोठे एजंट घेत नव्हते ते नवे बँड त्यानं घेतले, बी-फिफ्टीटूज, आर.ई.एम., गो-गोज. लहान क्लबची साखळी तयार झाली आन त्याच साखळीवर पुढचे बँड फिरले. इयान 2006 मधी वारला.

आता हे इकडं लाव. आपली गोंदिया-बल्लारशा लाइन पाह्य. अर्जुनी, वडसा, ब्रम्हपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल. सहा गावं एका पट्ट्यात. एका गावात शुक्रवारी वाजवलं आन मंग पंधरा दिवसानं तिसऱ्याच कोपऱ्यात गेलं तर डिझेलच खाऊन टाकते. हेच शुक्र-शनि-रवि लागोपाठ लावलं तर एकाच फेरीत तिन्ही होतात, पैसा कमी असला तरी उरते. पोलीसले पण याच्यातूनच उरलं होतं. आन सहा महिन्यानं त्याच गावात परत जाजा, नवी गाणी घेऊन.

आणिक, हेच पोलीस 1980 मधी मुंबईत येऊन वाजवून गेले. भरवणारे कोण, तर टाइम अँड टॅलेंट्स क्लब, समाजसेवेचं काम करणाऱ्या बायायचं मंडळ. रॉकचा धंदा करणारं त्यायच्यात कोणी नव्हतं. मले ही गोष्ट लय आवडते, आपल्या शारदा मंडळासारखीच वाटते.

साउंडवाला_लाखांदूर

सगळ्यायनं पैशाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, कारण मी साउंडचं भाडं देतो आन माह्या डोळ्यासमोर किती कलाकार बिना कागदाचे फसले हे मी पाह्यलं.

बाहेरच्या एजन्सीचं चालते ते असं. तारीख ठरली का कागद होते, बहुतेक वेळा अर्धे पैसे आधी आन उरलेले स्टेजवर चढायच्या आंगं. उतरल्यावर नाही, चढायच्या आंगं. आपल्याकडं उतरल्यावर अध्यक्ष झोपलेला असते. मंग रकमेचे दोन प्रकार. एक तर ठरलेली, दुसरी म्हणजे गॅरंटी किंवा टक्का, जे जास्त होईन ते. समज गॅरंटी 20 हजार आन खर्च काढून उरलेल्याचा 80 टक्के, असं लिहिलं. तिकीट विकलं 60 हजाराचं, मंडळाचा खर्च 20, उरले 40, त्याचे 80 टक्के 32 हजार, तुमाले 32 भेटतीन. आन तिकीट 30 चंच विकलं तर उरते 10, त्याचे 80 टक्के 8, पण तुमची गॅरंटी 20 आहे म्हणून 20 च भेटतीन, नुकसान मंडळाचं. लेड झेपलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट तर 90 टक्के मागायचा आन घ्यायचा. तेवढं आपण नाही मागत, पण हिशोब पाह्यला भेटला पाह्यजे एवढं तरी कागदावर पाह्यजे.

दुसरी गोष्ट, कागदाले जोडून एक यादी असते, त्याले रायडर म्हणतात. स्टेज किती फूट, लाइन किती, जनरेटर, अर्थिंग, जेवण किती ताटं. व्हॅन हॅलेन या बँडनं 1982 च्या यादीत मुद्दाम लिहिलं होतं का चॉकलेटच्या रंगीत गोळ्या ठेवा पण तपकिरी रंगाची एक पण नको. लोकायले नखरा वाटला. पण त्यायचा गाणारा डेव्हिड ली रॉथ यानं सांगितलं का त्या तपकिरी गोळ्या दिसल्या का आमी समजायचो का यायनं यादी वाचलीच नाही, मंग स्टेजच्या वजनाचं आन लाइनीचं पण वाचलं नसन, सगळं पुन्हा तपासायचो. मले याच्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. मी एका गावात स्वतः पाह्यलं, अर्थिंग नव्हतं, गाणाऱ्या पोराच्या ओठाले माइकचा शॉक बसला, तो पडला. वाचला देवाच्या कृपेनं. तवापासून मी अर्थिंग पाह्यल्याशिवाय मिक्सर चालू करत नाही, मंडळ कितीही ओरडो.

तर तुमी लोकायनं तुमची यादी लिहा, मराठीत लिहा, अर्थिंग पहिल्या ओळीत.

वडसा_ऑर्गन

हे सगळं चांगलं आहे, पण माही एक भीती आहे ती बोलतो. ज्याच्या हातात सगळ्या गावायच्या तारखा येतात तो पुढं मालकच होते, नाव एजंट असलं तरी. मंग तो म्हणते तेच कलाकार, तो म्हणते तेच गाव. लहान माणूस तिथंच सरते. त्या ताईनं सुरुवातीले डोळ्याच्या डॉक्टरचं सांगून अर्धं सोडलं, त्याचं काय झालं?

ब्रम्हपुरीची_लेक

काकाजी, तुमची भीती खरी आहे, आणि मी ते टाळलं नव्हतं, विसरले होते.

एमसीए इतकी मोठी झाली की सिनेमाचे नटही तिचे आणि टीव्हीचे कार्यक्रम बनवणारी कंपनी पण तिचीच. म्हणजे नटाच्या बाजूनं पैसे मागणारा तोच आणि पैसे देणारा पण तोच. शेवटी 1962 मध्ये अमेरिकेच्या सरकारनं कोर्टात ओढलं आणि एमसीएला एजन्सीचं काम बंद करावं लागलं. त्यातून सुटलेले एजंट दुसरीकडे गेले, बाजार मोकळा झाला, आणि दोनच वर्षांनी बार्सलोना उभा राहिला, हा मला निव्वळ योगायोग नाही वाटत.

आणि बार्सलोनाची ती शहराशहरातली साखळी पण टिकली नाही. 1990 नंतर रॉबर्ट सिलरमन नावाच्या माणसाच्या एसएफएक्स कंपनीनं एकेक शहरातले भरवणारे विकत घेतले, 2000 मध्ये ती कंपनी 4.4 अब्ज डॉलरला रेडिओवाल्या क्लिअर चॅनलनं घेतली, 2005 मध्ये त्यातून लाइव्ह नेशन वेगळी झाली आणि 2010 मध्ये तिकीट विकणारी तिकीटमास्टर पण तिच्यातच आली. 2024 मध्ये सरकारनं परत खटला भरला. भरवणारा, हॉलवाला, तिकीटवाला, सगळा एकच. ज्या माणसाशी बँडचा शब्द होता तो माणूसच राहिला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की आकडा उघडा आणि करार लहान. एका सीझनचा करार करा, दिवाळी ते होळी, जन्मभराचा नको. आणि एजंटनं स्वतः कार्यक्रम भरवायचा नाही, भरवला तर त्या कार्यक्रमाचा टक्का घ्यायचा नाही. मी कधी हे काम सुरू केलं तर या दोन ओळी माझ्या कागदावर सगळ्यात वर असतील.

अर्जुनीचा_गिटारवाला

ताई, मंग सुरू कराच ना. आमी काल रात्री पाचही जण बसलो होतो. ठरवलं का यंदाच्या मंडईले कोणाच्या मधात न जाता चार मंडळायले आमीच भेटतो, लाइनीवरच्याच चार, आन शुक्र-शनि-रवि सोबत मागतो. आमच्यातला बेसवाला बोलण्यात चांगला आहे, या सीझनले तोच एजंट, त्याले वाजवण्याच्या वाट्याशिवाय वेगळे 10 टक्के. तो नाही म्हणत होता, आमी ऐकलं नाही, कारण फोन करायले, पायपीट करायले वेळ त्याचा जाईन. यादी लिहिली, अर्थिंग पहिल्या ओळीत, जेवणाची सहा ताटं, गाडीवाल्याचं धरून.

एक अडचण आहे, वडशातल्या एका मंडळानं आतापर्यंत कधी बँड घेतला नाही, ते म्हणतात नाटकाच्या आंगं अर्धा तास वाजवा, पैसे कमी भेटतीन. आमच्यातले दोघं नाही म्हणतात. मले वाटते घ्यावं, झेपलिन पण दुसऱ्याच्याच कार्यक्रमात आधी वाजवले होते.

वडसा_ऑर्गन

घे बेटा. नाटकाच्या पब्लिकसारखं पब्लिक नाही, चार-पाच हजार माणूस पोरंबाळं घेऊन जमिनीवर बसलेला असते आन रात्रभर उठत नाही. फक्त तुमची ती बोलीतली गाणी वाजवजा, हिंदी नको, हिंदी तं आमच्या कंपनीचा गाणारा पण म्हणते. आन वडशाले आलात का माह्या घरी जेवायले येजा, सहाही जण. बयाण्याची पावती सोबत आणजा, मी पाहून देतो तिच्यावर तारीख आन पूर्ण रक्कम दोन्ही लिहिली का नाही ते.